शेवटी होणारी नांदी

(दृश्य : डोंगरी, दिवेलागण. हातगाड्या, टॅक्सी, हॉर्न.)

डोंगरीत या वेळेला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून काही माणसं एका फाटकाशी वळतात. कुणी पोराचं बोट धरलेलं, कुणाच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. ‘या अली मदद’, एक म्हणतो. ‘मौला अली मदद’, दुसरा. हा दरखाना, म्हणजे खोजा इस्माइली या शिया मुस्लिम पंथीयांचा मुख्य जमातखाना, प्रार्थनागृह.

दुआच्या वेळी परक्यांना आत प्रवेश नाही. तेव्हा आपला कॅमेरा इथेच, फाटकाबाहेर.

आत चपला सांभाळायला जमातीतलेच स्वयंसेवक. दालन एकच, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. दुआ म्हणायला नेमलेला मौलवी नाही. आज एखादी कॉलेजातली मुलगी, उद्या कुणी दुकानदार. मग गिनान, गुजराती-कच्छी-सिंधी वळणाची पदं. त्यांची चाल कानावर पडली की मराठी माणसाला भजनाची आठवण होईलच.

पंथाचे प्रमुख इमाम, म्हणजेच आगा खान. त्यांची गादी दूर, लिस्बनला. फेब्रुवारी २०२५ पासून रहीम आगा खान, ५०वे इमाम. इथे त्यांच्या वतीने बसतात मुखी, म्हणजे जमातीचे प्रमुख, आणि त्यांचे साहाय्यक कामडिया. पगार नाही, मान मात्र आहे. आणि डोक्याला ताप! लग्न असो, मयत असो, निरोप आधी मुखींकडे.

(दृश्य : माझगाव, हसनाबादचा घुमट.)

पहिले आगा खान, हसन अली शाह, इथे विसावलेत. इराण सोडून १८४०च्या दशकात ते मुंबईत आले. जमातीवर आणि तिच्या मालमत्तेवर हक्क कुणाचा, यावरून खोजांमध्ये जुंपली, ती थेट हायकोर्टापर्यंत. १८६६ साली न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी आगा खानांच्या बाजूने निकाल दिला. तरी सगळे काही एका छताखाली राहिले नाहीत. पुढे वेगळ्या झालेल्या खोजा इस्ना अशरींची, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या शियांची, मशीद त्याच डोंगरीत आहे.

(दृश्य : पुन्हा फाटक. रात्र.)

आता त्या डब्याकडे येऊ. घरी रांधलेलं काहीतरी, नाहीतर फळं, दूध, मिठाई. इमामांच्या नावाने अर्पण केलेलं. त्याला म्हणतात नांदी. आपल्याकडे नांदी नाटकाच्या आधी होते. इथे ती दुआ आटोपल्यावर. एकेक ताट पुढे येतं, बोली लागते. कधी बिर्याणीपेक्षा साध्या खिचडीची बोली चढते, कारण घेणाऱ्याला त्या घासाची बरकत हवी असते. पैसे जमातीच्या खात्यात, जेवण दुसऱ्याच कुणाच्या घरी. रांधणारीला कळतही नाही, आपली भाजी आज कुठल्या मजल्यावर चढली.

फाटक उघडतं. आधी पोरं बाहेर, मग म्हातारी माणसं, चपला पायात नीट सरकवत. बायकांच्या गप्पा उंबऱ्याशी अडलेल्या. एकजण स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवतो, गाठ सैल करून आत डोकावतो, वास घेतो आणि किक मारतो.