नवीन एडिशन आणि प्लेयर्सच्या मागण्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून डाइस टाकत आपापलं पात्र खेळायच्या गेमचं नवीन एडिशन, म्हणजे नियमांची नवी आवृत्ती येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी प्रत्येक प्लेयरची मागण्यांची यादी तयार असते. फायटरवाल्याला (योद्ध्याचं पात्र खेळणाऱ्याला) वाटतं विझर्डला (जादूगाराला) जरा आवरा, विझर्डवाला म्हणतो आधीच आमचे स्पेल (जादूचे मंत्र) कापलेत अजून किती कापणार, आणि डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं म्हणणं एकच, बाबांनो लढाई लवकर संपेल असं काहीतरी करा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसनचा हा गेम १९७४ चा, आणि तेव्हापासून लोक नियम आपापल्या टेबलावर वाकवतच आलेत. दुसऱ्या एडिशनमधला थॅको जुन्या मंडळींना आठवत असेल. आर्मर क्लास (बचाव किती पक्का त्याचा आकडा) शून्य असलेल्याला मारायला वीस बाजूंच्या डाइसवर किती पडायला हवेत तो आकडा, त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, म्हणजे थॅको १५ आणि समोरच्याचा ३ तर १२ हवेत, त्यात आर्मर जितकं भारी तितका आर्मर क्लासचा आकडा कमी, आता बोला! २००० साली तिसऱ्या एडिशनने हे सरळ केलं, डाइसमध्ये बोनस मिळवा, आर्मर क्लास गाठला की फटका लागला.

मला विचाराल तर खरी मागणी कोणती आणि हौसेची कोणती हे ओळखायची एक खूण आहे, लोक ते आधीच तसं खेळतायत का ते बघायचं.

हीलिंग पोशनचंच, म्हणजे जखमा भरून काढणाऱ्या औषधाचंच घ्या. २०१४ च्या नियमात पोशन प्यायला पूर्ण ॲक्शन, म्हणजे टर्नमधली मुख्य चाल जायची. समोर ऑगर (धिप्पाड राक्षस) उभा, तुमचा जीव कंठाशी आलेला, तुम्ही बाटली तोंडाला लावता आणि चार बाजूंच्या दोन डाइसवर पडतात एक आणि एक, वर दोन मिळवून झाले चार हिट पॉइंट्स (जीव मोजायचे गुण), आणि तेवढ्यासाठी अख्खी ॲक्शन गेली. मग ऑगरचा सोटा बसतो, सरासरी तेरा पॉइंट्सचा. कोण पिणार असलं पोशन? म्हणून कितीतरी टेबलांवर डीएमनी परस्पर ठरवून टाकलं की बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या चालीत) प्या, आणि २०२४ च्या पुस्तकात तोच नियम छापून आला.

उलट ऑगस्ट २०२२ च्या प्लेटेस्टमध्ये (नवे नियम छापण्याआधी प्लेयर्सकडून करून घेतलेल्या चाचणीत) मॉन्स्टर्सचे क्रिटिकल हिट, म्हणजे डाइसवर वीस पडले की बसणारे जास्तीचे फटके काढून टाकायचा प्रस्ताव होता. हे कोणी मागितलं होतं देव जाणे. लोकांनी ओरडा केला, चाचणीच्या पुढच्याच पॅकेटमध्ये जुना नियम परत.

ड्रुइडचं, म्हणजे जनावराचं रूप घेऊ शकणाऱ्या जादूगाराचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. जनावराचं रूप घ्यायचं तर मॉन्स्टरच्या पुस्तकातून त्या प्राण्याचे स्टॅट्स (ताकद, बचाव वगैरेचे आकडे) शोधत बसावं लागतं, टेबल ताटकळतं, तर सोपं करा अशी तक्रार खूप जुनी. २०२३ च्या सुरुवातीला डिझायनर्सनी खरंच सोपं केलं, जमिनीवरच्या सगळ्या प्राण्यांना एकच साचा, अस्वल व्हा नाहीतर लांडगा. आणि लोक भडकले! मग अस्वल व्हायचं तरी कशाला, असं म्हणायला लागले. शेवटी खरे प्राणी परत आले, फक्त ठरावीकच रूपं शिकून ठेवायची, हे मला तरी पटलं.

फायटर-विझर्ड बरोबरीचंही असंच, २००८ च्या चौथ्या एडिशनने ती बऱ्यापैकी दिली तर लोक म्हणाले सगळे क्लास सारखेच वाटतात, आणि बरेच जण पाथफाइंडर या दुसऱ्या गेमकडे गेले.

रेंजरवाले (रानात माग काढणाऱ्या शिकारी योद्ध्याचं पात्र खेळणारे) मात्र अजून नाराजच आहेत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. २०२४ मध्ये त्यांचा अख्खा क्लास हंटर्स मार्क या, खूण केलेल्या शत्रूला जास्तीचा फटका देणाऱ्या एका स्पेलभोवती बांधला पण कॉन्सन्ट्रेशनची अट तशीच ठेवली, म्हणजे मार्क चालू असताना कॉन्सन्ट्रेशन लागणारा दुसरा कुठलाच स्पेल चालू ठेवता येत नाही, आणि विसाव्या लेव्हलला बक्षीस काय, तर त्या जास्तीच्या फटक्याला सहा बाजूंच्या डाइसऐवजी दहा बाजूंचा. काही डीएम ती अट आत्ताच सरळ सोडून देतात.