आधी ऊन देख

(दृश्य: गिरणा नदीचं कोरडं पात्र, भर दुपार.)

एप्रिल महिना. वाळू इतकी तापलीय की चपलेतूनही चटका बसतो. माझ्या गळ्यात जवळजवळ किलोभराचा कॅमेरा आहे, झेनिट-ई. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९६५ पासून तयार होऊ लागलेला, लाखोंनी खपलेला. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून मला तो नऊशे रुपयांत मिळाला. आज रंगीत रोललाच जवळपास तेवढे पैसे पडतात.

याला सेल लागत नाही. फोकस, वेग (पडदा किती वेळ उघडतो तो), ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तर भोक लहान), सगळं हातानं. वर सेलेनियमचा प्रकाशमापक आहे, पण त्याचा काटा केव्हाच थांबलाय. तो दुरुस्त करू का, असं मी स्टुडिओवाल्या अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "आधी ऊन देख भो."

आणि त्यांनी मला ऊन वाचायला शिकवलं. लख्ख उन्हात ॲपर्चर १६, आणि वेग रोलच्या आयएसओच्या, म्हणजे रोल उजेडाला किती तेज आहे त्या आकड्याच्या, जवळपास. १०० चा रोल असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. ४०० चा रोल आपल्या उन्हाळ्यात घालूच नये, हे माझं ठाम मत. या कॅमेऱ्याचा वेग ५०० च्या वर जात नाही, लेन्स १६ च्या पुढे मिटत नाही. पहिल्याच फोटोला दोन्हीकडून वाट संपते.

पण खरी परीक्षा टोपीखालच्या चेहऱ्याची. ऊन डोक्यावर, शेतकऱ्याच्या डोळ्यांवर टोपीची काळी सावली. १६ वर काढलात तर टोपी सुरेख येते, माणूस हरवतो. म्हणून सरळ ८ वर यायचं. टोपी थोडी पांढरी पडली तरी चालेल. केळीच्या बागेत शिरलात की आणखी उघडायचं, ४ पर्यंत. पानांतून गाळून आलेला तो हिरवट उजेड मला फार आवडतो.

(दृश्य: लेन्सवरच्या दोन कड्या, जवळून.)

हेलिऑस ४४-२. अठ्ठावन्न मिलिमीटर. एका कडीनं ॲपर्चर ठरवायचं, दुसरीनं लेन्स मिटायची. पूर्ण उघड्या लेन्सवर फोकस करायचा आणि बटण दाबण्याआधी मिटायची. चुलतभावाच्या हळदीला, भर अंगणात, मी मिटायचं विसरत राहिलो. रोल धुऊन आला तो काळाकुट्ट; निगेटिव्हवर जास्तीचा उजेड काळाच दिसतो. छत्तीस फोटो, आणि त्यातली एकही हळद परत येणार नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी कडी बोटानं चाचपतो.

(दृश्य: चाळीसगाव, स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर.)

१९१२ साली जन्मलेले मूस याच घरात आयुष्याची कितीतरी वर्षं जवळजवळ बंदिस्त राहिले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, हातानं उजेड लावून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. सांगतात, ते एका गाडीची वाट बघत होते. मला मात्र त्यांचं टेबल बघावंसं वाटतं. दिवा बोटभर सरकवून सावली कुठे जाते, हे बघत बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

(दृश्य: चाळीसगाव स्टेशन, संध्याकाळ.)

फलाटावरचे दिवे लागलेत. रोलवर एकच फोटो उरलाय. आधी रोल पुढे सरकवणारी किल्ली ओढायची, मग वेग लावायचा. वेग ३०. लेन्स पूर्ण उघडी, २ वर. पाठ खांबाला टेकवलीय, कोपरं छातीशी.

गाडीचा दिवा दिसतोय.