अठरा अंशांवरच्या माश्या

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारलंय, "बाळ आणि प्रयोगशाळा, दोन्ही कसं गं जमवतेस?" त्या विचारण्यामागे माया असते. पण उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून कार्यकारिणीने बोलशील का विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी एकटी काहीच जमवत नाही. त्यात कुणाकुणाचे तास आहेत, ते आज सांगते.

आधी माझं काम. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावते ना, ती चिमुकली फळमाशी, ड्रोसोफिला. मी तिच्यावर संशोधन करते. इथे जर्मनीत, ट्युबिंगनमध्ये, या माशीचा विषय निघाला की क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांचं नाव निघतंच. माशीच्या भ्रूणात शरीराची आखणी कोणती जनुकं करतात, या कामासाठी १९९५ साली नोबेल मिळालेल्या तिघांपैकी त्या एक. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट पुढे सांगायची आहे.

माशी घड्याळ पाळते. २५ अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. कोशातून बाहेर आलेली मादी पहिले आठेक तास नराला जवळ येऊ देत नाही. आपल्याला हवा तोच संकर घडवायचा तर त्या आठ तासांतच तिला बाजूला काढावं लागतं. म्हणून आम्ही माशीवाले सकाळी येऊन माश्या वाढवायच्या बाटल्या रिकाम्या करतो, संध्याकाळी पुन्हा करतो. शनिवार-रविवारीसुद्धा. आता यात पाळणाघराची वेळ बसवून बघा. संध्याकाळची बाटली आणि लेकीला आणायची वेळ रोज एकमेकींवर येणार.

यावर आमच्या क्षेत्रात जुना उपाय आहे. बाटल्या १८ अंशांवर ठेवायच्या. तिथे माशीची वाढ मंदावते, पिढीला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात आणि ते आठ तासही दुपटीने लांबतात. म्हणजे दुपारी निघताना बाटली रिकामी करून थंड कपाटात ठेवली, तर बाहेर आलेल्या माद्या दुसऱ्या दिवशी सकाळी उचलल्या तरी चालतं. लेक झाल्यापासून माझ्या बऱ्याचशा माश्या १८ अंशांवर आहेत. प्रयोगाला वेळ जास्त लागतो, पण प्रयोग होतो. आमच्या गटप्रमुखांनी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मांडताना हा वेग गृहीत धरला, हा मला मिळालेला सर्वांत मोठा आधार. कौतुकाच्या शब्दांपेक्षा मला तो कागद मोलाचा वाटतो.

जर्मनीतला कायदा आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. बाळंतपणाआधी ६ आठवडे आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा. पण हाताने करायचं काम त्याच्या कितीतरी आधी थांबतं. गरोदर असल्याचं कळवलं की कामाच्या जागी धोका काय काय आहे हे तपासणं मालकावर बंधनकारक असतं आणि आमच्याकडे तर भ्रूण टिकवायला फॉर्मल्डिहाइड रोजचं. ते बंद झालं. बाटल्या, संकर, सगळं एका सहकारी मैत्रिणीने उचललं. मी तिने काढलेल्या प्रतिमांचं विश्लेषण करत होते. त्या महिन्यांतलं तिचं काम आमच्या पुढच्या लेखात तिच्या नावासकट येईल.

मग आई आली. तुमच्या सगळ्यांच्या घरी येते तशीच, डिंकाचे लाडू, अळीव, ओवा-शेपा आणि सहाण घेऊन. इथली सुईण, हेबामे, घरी यायची तेव्हाचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. आई जमिनीवर पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ पालथं आणि कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत फिरतोय. हेबामे दारातच थांबली, मग बूट काढून आईशेजारी बसली आणि तिनेही पाय पसरले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने तिचा हात धरून दाब किती द्यायचा ते दाखवलं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले. मधाचं बोट नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाआतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. मी आईला बसवून हे नीट सांगितलं. तिने ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. तुमच्याही घरी आजी येणार असेल तर हे तिला आधीच फोनवर सांगा, आणि कारणासकट सांगा.

पण शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर, आजीला १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. आई परत गेली आणि माझ्या नवऱ्याने पालक-रजा घेतली. इथे दोघांनीही रजा घेतली तर पालक-भत्त्याचे महिने १२ वरून १४ होतात. ते दोन महिने बाबांनी सोडून देऊ नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं. रजा संपल्यावर पाळणाघरात लेकीला रुळवायला रोज तिच्याबरोबर तोच बसायचा. मी त्या वेळात माझ्या माश्यांसमोर असायचे. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून आहे, प्रत्यक्षात रांग आहे. पोट दिसायला लागायच्या आधी अर्ज भरा.

नोकरीचंही सांगायला हवं, कारण घरून फोनवर "आता कायम झालीस का?" हे आपल्या सगळ्यांनाच ऐकावं लागतं. विद्यापीठातल्या संशोधकाला ठरावीक मुदतीच्या करारावर पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं काम करता येतं. प्रत्येक मुलामागे ही मर्यादा २ वर्षांनी वाढते. वाढते म्हणजे ठेवून घ्यायला परवानगी मिळते. ठेवून घ्यायलाच हवं असं बंधन नाही, आणि पैसेही कुणीतरी शोधावे लागतात. यात फार हुशार मुली गळतात. मी त्यांना ओळखते.

आता न्युस्लाइन-फोलहार्ड यांची ती गोष्ट. २००४ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना ते दरमहा पैसे देतं. कशासाठी? घरकामाला बाई ठेवायला, भांडी धुण्याचं यंत्र घ्यायला, संध्याकाळी मुलाजवळ कुणी बसावं म्हणून. नोबेल मिळालेल्या बाईंनी नेमकं ओळखलं की या मुलींना बुद्धी कमी पडत नाही, तास कमी पडतात. मला त्यांचं हे काम जनुकांवरच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

मारी क्युरींचं चरित्र आपण शाळेत शिकतो, पण त्यांचे सासरे त्यात नसतात. १८९७ मध्ये इरेन जन्मली आणि त्यानंतर थोड्याच काळात मारींचं किरणोत्सर्गावरचं काम सुरू झालं. सासरे, डॉक्टर यूजीन क्युरी, त्यांच्या घरी राहायला आले आणि नातीला त्यांनी सांभाळलं. १९०६ मध्ये पिएर गेल्यावरही ते सुनेजवळ आणि नातींजवळच राहिले, १९१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. इरेनला पुढे १९३५ मध्ये नोबेल मिळालं. ही हकीकत सांगताना आजोबांचं नाव घ्यायला हवं.

आपल्या मंडळात निवृत्त मंडळी आहेत, विद्यार्थी आहेत, दुपारी लवकर मोकळे होणारेही आहेत. पाळणाघर मूल फक्त आईबाबांनी लेखी नाव दिलेल्या माणसाच्याच ताब्यात देतं. बहुतेक घरांच्या त्या कागदावर दोनच नावं असतात. प्रयोग लांबला, गाडी रद्द झाली, की तिसरं नाव लागतं. ते तुमचं असावं, एवढंच मागायला मी आज उभी राहिले आहे. जेवणाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. त्यात नाव, तुम्ही कुठल्या भागात राहता आणि कोणत्या वारी मोकळे असता, एवढं लिहा. जवळच्या घरांशी गाठ घालून द्यायचं काम मी करते. पहिल्यांदा जाताना ओळखपत्र मात्र बरोबर न्या, ते बघितल्याशिवाय मूल देत नाहीत.