ड्युटी सांभाळून नर्सिंगची पदवी: घरी काय, वॉर्डात काय

नमस्कार. समोर गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या, सिस्टर आहेत, म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांतल्या आहेत, खासगी इस्पितळांतल्याही बऱ्याच आहेत. प्रश्न बहुतेकींचा एकच असतो: जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाले, नोकरी आहे, घर आहे, आता बीएस्सी ऑनलाइन करता येईल का? उत्तर आधीच सांगते, कारण या एका गोष्टीत फसून कष्टाचा पैसा गेला की फार वाईट वाटते. भारतात नर्सिंगची पदवी संपूर्ण ऑनलाइन मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई असलेल्या शाखांच्या यादीत नर्सिंग आहे. ‘घरबसल्या पदवी, हजेरीची गरज नाही’ असे कोणी फोनवर सांगू लागले की फोन ठेवा. तो कागद राज्याची नर्सिंग परिषद नोंदवून घेणार नाही, आणि नोंद नसलेल्या पदवीला ना बढती, ना परदेश.

मग नोकरी न सोडता कोणता मार्ग उरतो? या मनाईला अपवाद म्हणजे इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी. नोकरीतल्या परिचारिकांसाठीच आखलेला, भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेला, कमीत कमी तीन वर्षांचा. पुस्तके घरी वाचायची, प्रात्यक्षिके मात्र अभ्यासकेंद्रात आणि त्याला जोडलेल्या इस्पितळात जाऊन करायची. नियमित पोस्ट बेसिक दोन वर्षांचा असतो, पण त्याला पूर्णवेळ कॉलेज लागते. सरकारी सेवेत पाच वर्षे झालेली असतील तर त्यासाठी अभ्यासरजा मागता येते. साऱ्या नोकरीत मिळून ती २४ महिन्यांपर्यंतच मिळते, आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा बॉण्ड द्यावा लागतो. खासगी इस्पितळात अशी रजा सहसा नसते.

अमेरिकेतल्या ‘आरएन टू बीएसएन’ची, म्हणजे नोंदणीकृत नर्सला पदवी देणाऱ्या अभ्यासक्रमाची, जाहिरात पाहून काहीजणी विचारतात. तो अभ्यासक्रम खरोखरच बराचसा ऑनलाइन चालतो. कारण तिथे प्रवेश घेणारी व्यक्ती आधीच एनसीएलईएक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण, परवानाधारक नर्स असते आणि प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष काम) ती राहते त्याच गावात होते. तिथे असलेल्या तुमच्या बहिणीने कॉलेज निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता पाहावी. तिथला परवाना नसताना इथे गोव्यात, पेडण्यात बसून तो करता येत नाही.

आता इग्नूचा अर्ज. प्रवेश वर्षातून एकदाच, जानेवारीच्या सत्राला, आणि त्याआधी प्रवेश परीक्षा. बारावीनंतर तीन वर्षांचे जीएनएम केलेल्यांना नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. दहावीनंतर जीएनएम केलेल्यांना पाच वर्षांचा. ‘नोंदणीनंतर’ हा शब्द नीट धरा. निकाल लागला, त्याच आठवड्यात इस्पितळात रुजू झाला, नोंदणी मात्र आठ महिन्यांनी झाली, तर ते आठ महिने मोजले जात नाहीत. ज्या पुरुष परिचारकांनी प्रसूतिशास्त्र केलेले नाही, त्यांना त्याऐवजी परिषदेने मान्य केलेला सहा ते नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम दाखवावा लागतो. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा. अटी बदलल्या तर त्या तिथेच कळतात.

अर्ज अडतात ते बहुधा कागदांवर. आपल्याकडच्या कितीतरी मुली जीएनएम बेळगावला किंवा कोल्हापूरला करतात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटक किंवा महाराष्ट्र परिषदेत असते. गोव्यात काम करायचे तर गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी, त्यासाठी मूळ परिषदेचा ना हरकत दाखला येईपर्यंत वेळ जातो. हे काम प्रवेशाची जाहिरात येण्याआधीच हातात घ्या. अनुभवाच्या दाखल्यावर हुद्दा, ‘पासून-पर्यंत’ तारखा, इस्पितळाचा शिक्का आणि सहीखाली नाव हवे. एजन्सीमार्फत कंत्राटावर असाल तर पगार एजन्सी देते, काम इस्पितळात होते; दोघांकडूनही दाखला मागून ठेवा. आणि नाव. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, दहावीच्या प्रमाणपत्रात स्पेलिंग तिसरेच! लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे असतेच, तो दाखला जोडा, आणि तिन्ही ठिकाणी एकच नाव होईल ते पाहा. दूरस्थ प्रवेशासाठी आता डीईबी आयडी (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, तो एबीसी खात्याशी, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याशी, जोडलेला असतो. तिथे चुकीचे नाव गेले की ते थेट पदवीपर्यंत जाते.

प्रवेश मिळाला की खरा प्रश्न वेळेचा. इग्नूत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. आठवड्याला सहा तास दिले तर २० आठवडे. हे सहा तास रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) पाहून ठरवा, घड्याळ पाहून नव्हे. नाईटहून आल्यावर आधी झोप, मग संध्याकाळी दीड तास. ऑफच्या दिवशी सकाळी तीन तास. उरलेला दीड तास मॉर्निंग ड्युटीच्या एखाद्या दुपारी. नाईटला पहाटे तीन-चारच्या सुमारास वॉर्ड शांत असतो म्हणून पुस्तक उघडायचा मोह होतो. कृपा करून उघडू नका. त्या वेळी लक्ष सर्वांत कमी असते, औषधाची चूक व्हायला तोच काळ पुरतो.

प्रात्यक्षिकांच्या तारखा हातात पडल्या की त्याच दिवशी वॉर्ड इन्चार्ज आणि मेट्रनला लेखी द्या. तोंडी सांगितलेले रोस्टर लागताना कुणाच्या लक्षात राहत नाही. या सत्रांना हजेरी सक्तीची आहे. सत्रांचा एक गट चुकला की पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. चवथीच्या दिवसांत रजा सगळ्यांनाच हवी असते, म्हणून अदलाबदल करणारी मैत्रीण आधीच ठरवा आणि तिच्या वेळेला तुम्ही उभ्या राहा.

माझ्या मते सर्वांत जास्त गुण जातात ते केअर प्लॅनमध्ये, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, आणि तेही वीस-वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरांचे. हात सगळे करतात, कागदावर मात्र ‘न्यूमोनिया’ असे लिहितात. ते डॉक्टरांचे निदान झाले. आपले, म्हणजे नर्सिंगचे, निदान असे: चिकट कफामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही, पुरावा म्हणजे श्वास मिनिटाला ३०, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) ८८ टक्के, छातीत घरघर. मग उद्दिष्ट, तेही मोजता येईल असे: आठ तासांत श्वास २४ च्या खाली, एसपीओटू ९४ च्या वर. रुग्ण सीओपीडीचा (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) असेल तर ९४ लिहू नका, तिथे ८८ ते ९२ हेच लक्ष्य. जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो. पुढे कृती: सेमी फाउलर्स स्थिती (डोक्याकडची बाजू अर्धवट उचलून बसते करणे), दर दोन तासांनी कूस बदलणे, लिहून दिल्याप्रमाणे नेब्युलायझेशन (औषधाची वाफ), छातीची फिजिओथेरपी, मनाई नसेल तर कोमट पाणी. प्रत्येक कृतीपुढे तिचे कारण. शेवटी मूल्यमापनात ‘रुग्णाला बरे वाटते’ हे चालत नाही; तेच आकडे पुन्हा मोजून लिहा. हे तुम्ही रोज करता, फक्त ओळीने मांडायची सवय नाही. एका रुग्णाचा प्लॅन दर आठवड्याला लिहिला तर तीन महिन्यांत हात बसतो.

दुसरी अडचण इंग्रजीची. सत्तरी, डिचोलीतल्या मराठी शाळांतून आलेल्यांना विषय कळतो, लिहिताना पेन अडते. व्याख्या इंग्रजीत पाठ करा, पण समजून घ्या मराठीत किंवा कोकणीत, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे वेळ लावून लिहा. संशोधन आणि संख्याशास्त्र शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. सरासरी आणि प्रमाण विचलन हाताने दहा वेळा काढल्याशिवाय पुढचे उमजत नाही.

बारीक वाटणाऱ्या दोन गोष्टी वर्ष खातात. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणीही तशीच. स्वाध्याय (असाइनमेंट) स्वतःच्या हाताने लिहा, झेरॉक्स ठेवा आणि जमा केल्याची पोच घ्या. गुण चढले नाहीत तर तीच पोच कामी येते.

निकाल लागला की पदवी कपाटात ठेवू नका. गोवा नर्सिंग कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवा, एनआरटीएसवरची (परिचारिकांच्या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवहीतली) माहिती अद्ययावत करून घ्या, सरकारी नोकरीत असाल तर सर्व्हिस बुकात नोंद करायला लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. पुढे परदेशी जायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टच्या (विषयवार गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) मोहोरबंद प्रती तेव्हाच मागवा.