पाण्यात उतरणारं चाक

[तळ्याचा काठ. सहा चाकांची एक बुटकी गाडी चिखलातून येते आणि न थांबता पाण्यात शिरते.]

जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे चालणाऱ्या या गाडीला टायर कोणतं घ्यावं, ते आज बघू. गाडी पाण्यात शिरली. आता तिला पुढे कोण ढकलतंय ते बघा. मागे पंखा नाही, कुणाच्या हातात वल्हं नाही. मघाशी चिखल तुडवणारी तीच सहा चाकं आता पाण्यात फिरताहेत आणि टायरवरचे उंचवटे पाणी मागे लोटताहेत. वेग माणसाच्या चालीइतका, तासाला चार-पाच किलोमीटर. समोरून वारा सुटला तर तेवढाही नाही. म्हणूनच काही गाड्यांना मागे होडीचं इंजिन अडकवायची सोय दिलेली असते.

इथे एक शंका येते. चाकाचा खालचा भाग पाणी मागे लोटतो, तर वरचा भाग पुढे लोटणार. मग गाडी जागच्या जागी राहायला हवी. चाक पूर्ण बुडालं असतं तर तसंच काहीसं झालं असतं. पण वरचा भाग बराचसा पाण्याबाहेर असतो, म्हणून गाडी पुढे सरकते. हीच गाडी माल भरून उतरवा. ती खोल बसते आणि वेग पडतो, त्यामागचं एक कारण हे आहे.

[गाडी पलीकडच्या काठावर चढते. कॅमेरा चाकांजवळ.]

अशा गाड्या १९६०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत पुढे आल्या. कॅनडातली आर्गो १९६७ मध्ये आली आणि आजही बनते. मूळ रचना साधी आहे. पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूच्या चाकांना ब्रेक लावला की गाडी त्या बाजूला घसटत वळते, रणगाडा वळतो तशी. एका बाजूची सगळी चाकं साखळ्यांनी एकमेकांशी बांधलेली. आणि बहुतेक गाड्यांना स्प्रिंग नाहीत, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत. दगडावर आपटल्यावर जो काही धक्का जिरायचा, तो टायरमधल्या हवेतच.

तेव्हा या गाडीचं टायर घेणं म्हणजे स्प्रिंग घेणं आणि वल्हं घेणंही. ते गाडी तरंगायला हातभारही लावतं. साधारण २२ इंच उंच आणि ११ इंच रुंद टायर अर्धं बुडालं की पंचवीसेक लिटर पाणी बाजूला सारतं. सहा टायरांचे दीडशे लिटर. त्यातून टायर आणि रिमचं वजन वजा करा, तरी उरतं ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. शिवाय हे फुगे गाडीच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे गाडी सहसा डुलत नाही.

[टायरवर अंगठा दाबला जातो. टायर आत जातं.]

अंगठ्याने दाबलं तरी आत जातं. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) हवा असते, इथे दोन ते पाच. टायर जितकं मऊ, तितकं ते जमिनीवर पसरतं आणि वजन वाटलं जातं. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, बुटाचा तळवा दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर जमिनीवर दाब येतो सुमारे पाच पीएसआय. म्हणजे जिथे आपला पाय रुतेल, तिथून ही गाडी माणसांसकट निघून जाऊ शकते.

ही युक्ती माणसाला टायरच्याही आधीपासून ठाऊक होती. अलास्कातले मूळ रहिवासी जड होडी किनाऱ्यावर ओढताना तिच्याखाली सील या सागरी प्राण्याच्या कातड्याच्या फुगवलेल्या पिशव्या घालत. ते बघून विल्यम अल्बी या अमेरिकन माणसाने १९५०च्या दशकात पिशवीसारख्या रुंद, मऊ चाकांचं वाहन तयार केलं. त्याचं नाव रोलिगॉन.

पण इतक्या कमी हवेचं वागणं मोठं विचित्र असतं. उबदार शेडमध्ये, वीस अंश तापमानाला, तीन पीएसआय भरून गाडी उणे दहा अंशांत बाहेर काढा. टायर कुठेही गळत नसताना मीटर दाखवेल सव्वा-दीड. मोटारीच्या टायरमध्येही हवा आकसतेच, पण तिथे तीसातून चार-पाच गेले तर गाडी चालते. इथे निम्म्याहून जास्त गेलं. डोंगरावर नेमकं उलट. समुद्रकाठी तीन पीएसआय भरलेलं टायर दोन हजार मीटर उंचीवर, तापमान तेच राहिलं तर, सहाच्या आसपास जातं आणि गाडी चेंडूसारखी उडायला लागते. म्हणून हवा भरायची ती जिथे चालवणार तिथे पोचल्यावर. आणि पेट्रोल पंपावरचा मीटर इथे कुचकामी आहे. शून्य ते दहा पीएसआय दाखवणारा वेगळा मीटर लागतो.

[दोन टायर शेजारी शेजारी. एक चौकोनी खांद्याचं, जाड. दुसरं गोलसर.]

आता दुकानातला मोह. डावीकडचं टायर चारचाकी एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत रानवाटांवर चालवायच्या उघड्या गाडीचं. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, दिसायला दणकट. सहा प्लाय, म्हणजे सहा थरांइतकं मजबूत; काटा-दगड सहज घुसणार नाही. मग हेच का नको?

कारण ते वाकत नाही. तीन पीएसआयवरसुद्धा त्याच्या जाड बाजू गाडी तोलून धरतात. टायर पसरत नाही, धक्का जिरत नाही, तो थेट चालवणाऱ्याच्या मणक्यात जातो. वर त्याचं वजनही जास्त. एटीव्हीला स्प्रिंग असतात, तिला हे परवडतं. उजवीकडचं दोन प्लायचं, पातळ बाजूंचं, गोल खांद्याचं टायर याच गाड्यांसाठी घडवलेलं आहे. ते काट्यांना भितं, हे खरं. खडकाळ, काटेरी रानातच काम असेल तर चार प्लायपर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे मी तरी जाणार नाही.

खांदा म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग आणि बाजू जिथे मिळतात ती जागा. तो गोल असण्याचं महत्त्व कळतं ते गाडी वळताना.

[गाडी कठीण जमिनीवर वळते. पुढची-मागची टायरं आडवी घसटतात, बाजू दुमडतात.]

पुढची आणि मागची टायरं आडवी ओढली जाताहेत. चौकोनी खांदा जमिनीत कडा रोवतो, गोल खांदा घसरून जातो. हवा फारच कमी असेल तर अशाच वळणावर टायरची आतली, रिमवर बसलेली कडा सुटते आणि सगळी हवा एका क्षणात बाहेर. काही रिमांना कडा आवळून धरणारी कडी असते, ती यासाठीच. कठीण जमिनीवर वळण हलकं व्हावं म्हणून काही जण मधल्या चाकांत किंचित जास्त हवा ठेवतात. गाडी मधल्या चाकांवर तोलली जाते आणि टोकाच्या टायरांवरचा भार उतरतो.

आणि इथेच निवड चुकते. माणूस पाण्याचा विचार करून टायर घेतो. खोल, आडवे, दूर-दूर बसवलेले उंचवटे पाणी चांगलं कापतात, चिकट चिखल झटकून टाकतात. सगळं खरं. पण पाण्यात काढलेले तास मोजा आणि जमिनीवर काढलेले मोजा. जमिनीवर प्रत्येक वळणाला हेच उंचवटे आडवे ओरबाडत जातात. गवत उपटून येतं, ब्रेक तापतात, साखळ्यांवर ताण येतो, आणि पाण्यात मिळालेला जास्तीचा वेग मात्र किरकोळ. दलदलीत तर नुकसान उघड आहे. तिथे गाडीला वर धरतं ते मुळांचं गुंतलेलं जाळं. मऊ, उथळ नक्षीचं टायर त्यावरून निघून जातं. दातेरी टायर ते जाळं फाडतं आणि खालच्या काळ्या रबडीत जाऊन बसतं.

बर्फासाठी किंवा फारच पोचट जमिनीसाठी टायरांवरून रबरी पट्टे चढवता येतात. मात्र पट्टा निसटू नये म्हणून टायरमध्ये हवा वाढवावी लागते, आणि मऊपणा गेला.

मोठं टायर बसवावं का? आधी दोन चाकांमधली फट मोजा. ही चाकं इतकी जवळ असतात की दोन इंचांनी जास्त उंच टायर शेजारच्याला घासू शकतं. शिवाय चाक मोठं झालं की इंजिनाचा जोर कमी पडतो आणि वळायला ब्रेक जास्त दाबावा लागतो.

[शेर्प गाडी तुटक्या बर्फावरून पाण्यात उतरते.]

मोठ्या टायरचा ध्यास शेवटी कुठे जातो ते रशियन शेर्पमध्ये दिसतं. चार चाकं, प्रत्येक १.६ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद. पण तिथे टायर आधी आणि गाडी त्याभोवती बांधलेली. चालवणारा आत बसूनच इंजिनाच्या धुराने टायर फुगवतो आणि हवा सोडतो.

[पुन्हा शेड. कापडी मोजपट्टी टायरभोवती फिरते.]

आपल्या सहा चाकांकडे परत येऊ. एका बाजूची चाकं साखळीने बांधलेली, म्हणजे सगळी सारखेच फेरे घेणार. त्यातलं एक टायर नवं, उरलेली दोन झिजलेली असतील, तर एका फेऱ्यात नवं जास्त अंतर कापू बघतं. मऊ जमिनीवर ते घसरून भागतं, कठीण जमिनीवर साखळी ताणली जाते. म्हणून टायर बदलायची ती बाजूची सगळी एकदम. मधल्या चाकांत जास्त हवा भरायची सवय असेल, तर तीही किंचितच. आणि मीटरवर विसंबण्यापेक्षा शिंप्याकडे असते तशी पट्टी टायरभोवती गुंडाळून परीघ मोजलेला बरा. पहिल्या चाकाचा आकडा खडूने रिमवर लिहा. मग दुसरं चाक. दोन मिलिमीटर कमी निघालं, तर पंपाचे दोन-तीन झटके, आणि पुन्हा पट्टी.