चवथीची आरती अडली तेव्हा

नमस्कार. म्हापशाला माझं चष्म्याचं दुकान आहे. तीसेक वर्षं मी लोकांचे नंबर काढतो आहे. वाचनालयाने मला ‘मोबाईल आणि डोळे’ हा विषय दिला होता. तो फार मोठा आहे. त्यातली एकच गोष्ट आज बोलतो, फोनचा डार्क मोड, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, कारण ती आमच्या घरात घडली.

गेल्या गणेश चवथीला मूळ घरी आरत्या चालल्या होत्या. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी, घुमट या मातीच्या वाद्यावर दोन पुतणे, एक शामेळ या चर्मवाद्यावर. थोरले काका नेहमीसारखे पुढे. हल्ली लांबलचक आरत्यांना ते फोन समोर धरतात. दुसऱ्याच कडव्याला अडखळले. डोळे बारीक केले, फोन लांब धरला, जवळ आणला आणि शेवटी खाली ठेवून मला म्हणाले, “दिसत नाही रे आता. पुढचं तू म्हण.” घुमट थांबलं. त्यांचा तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

झालं होतं एवढंच, की डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवाने आदल्या आठवड्यात प्रेमाने त्यांच्या फोनला डार्क मोड लावून दिला होता. मी तो बंद केला, अक्षरं एक घर मोठी केली. चष्मा तोच, आरती तीच. काकांनी पुढच्या सगळ्या आरत्या स्वतः म्हटल्या.

याचं कारण आत्ता इथेच पाहता येईल. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो काढा. मूठ अशी वळा की मधे सुईच्या नेढ्याहून जरा मोठं भोक राहील, आणि एक डोळा मिटून त्यातून समोरच्या फलकाकडे पाहा. अक्षरं सुधारली ना? बारीक भोकातून आलेला प्रकाश कमी पसरतो, म्हणून चित्र नेमकं उमटतं. आम्ही दुकानात भोकाची काळी चकती डोळ्यापुढे धरतो, ती यासाठीच. डोळ्याची बाहुली हेच काम करते. पांढऱ्या उजळ पानापुढे ती आक्रसते आणि अक्षर धारदार दिसतं. काळ्या पडद्यापुढे ती मोठी होते आणि डोळ्यातला प्रत्येक लहानसहान दोष उघडा पडतो. चाळिशी लागलेल्याला, किंवा ज्याच्या नंबरात सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर, आहे त्याला, काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरलेलं दिसतं, कडेला दूध सांडल्यासारखं.

आणि आपलं अक्षर देवनागरी आहे. वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वाराचा टिंब. पांढरा टिंब पसरला की रेघेत मिसळतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेघेतल्या एवढ्याशा फटीचा; ती फटच प्रकाशाने बुजते. म्हणून मराठी वाचणाऱ्याने या बाबतीत जास्तच जपायला हवं असं मला वाटतं.

(इथे श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं, “आम्ही तर काळ्या पाटीवरच शिकलो, मग?”)

फार चांगला प्रश्न. पाटी स्वतः उजळत नाही. तिच्यावरचं अक्षर ठसठशीत, बोटभर मोठं, आणि वर खिडकीतला उजेड. फोनवरचं अक्षर स्वतःच दिवा असतं, आणि तेही तांदळाएवढं.

आता बॅटरी. २०१९ साली अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १३ यांच्याबरोबर डार्क मोड सगळ्या फोनभर लावायची सोय आली, आणि बॅटरी वाचते हे घरोघर पोचलं. ते खरं आहे, पण ओएलईडी पडद्याच्या फोनपुरतं. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा म्हणजे विझलेला. एलसीडी पडद्याला मागून दिवा असतो, तो काळ्या रंगामागेही जळतच राहतो. आपला पडदा कोणता, हे रात्री काळोख्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडून कळेल. पडदा राखाडी चमकला तर एलसीडी, भोवतीच्या काळोखात विरून गेला तर ओएलईडी.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ओएलईडी फोन मोजून पाहिले. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. ब्राइटनेस १०० टक्के असताना मात्र ३९ ते ४७. पण १०० टक्के ब्राइटनेस आपण लावतो कधी? मालीमच्या जेटीवर भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. नेमकं तेव्हाच काळ्या पडद्याच्या आरशात आपलं तोंड आणि आभाळ दिसतं, अक्षर नाही. जिथे बचत मोठी, तिथे वाचणंच कठीण.

मग डार्क मोड वाईट का? मुळीच नाही. इस्पितळात रुग्णाशेजारी रात्र काढणाऱ्याला, तान्हं बाळ कुशीत झोपवलेल्या आईला, पावसाळ्यात वीज गेलेल्या घरात एक मेसेज पाहणाऱ्याला तो आधारच आहे. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांच्यापैकी काहींना तर काळाच पडदा बरा वाटतो, कारण पांढरा प्रकाश धुरकट भिंगात विखुरतो. त्यांचा डार्क मोड कुणी हट्टाने काढू नये, त्यांनाच विचारावं. मात्र पांढरा पडदा अलीकडेच खुपायला लागला असेल आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुलासारखा फुटलेला दिसत असेल, तर पडद्याचा रंग बदलून गप्प राहू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

सेटिंगमध्ये डिस्प्लेत गेलात की सूर्यास्त ते सूर्योदय एवढाच डार्क मोड लावायची सोय बहुतेक नव्या फोनवर मिळते. तिथेच अक्षराचा आकार असतो, तो आधी वाढवा. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी दाराजवळच्या टेबलापाशी थांबा. माझ्याजवळ ती काळी चकतीही आहे; आजी, पहिला नंबर तुमचा.