लायसन्स रिन्यू करायचंय? मुदत संपायची वाट बघू नका!

नमस्कार नाशिककर! मागचा व्हिडिओ हेल्मेटवर होता, पण खाली निम्म्या कमेंट्स लायसन्सच्या. "दादा, लायसन्स संपलंय, किती दिवस लागतील?" "दादा, पेठ रोडला आरटीओत जावंच लागतं का?" म्हणून आज फक्त हाच विषय.

एवढे प्रश्न एकदम का येतायत, ते सांगतो. जुन्या नियमात लायसन्स २० वर्षांसाठी किंवा पन्नाशीपर्यंत मिळायचं, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे २००५-०६ ला कॉलेजात असताना ज्यांनी एमएच १५ चं लायसन्स काढलं, त्यांची वीस वर्षं आत्ता भरतायत. अख्खी बॅच एकदमच आलीय!

अर्ज कसा करायचा ते पटकन सांगतो, ते सोपं आहे. सारथी पोर्टल, म्हणजे परिवहन खात्याची लायसन्सची वेबसाइट उघडा, महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, रिन्यूअल निवडा, कागद अपलोड करा, फी भरा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म १-ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट. २०२१ पासून आधारने ओळख पटवून हे काम घरबसल्या करायची सोय आहे, ती आधी बघा. झालं.

आता माझा जीव जिथे तुटतो ते. "संपलं की करू." अहो, का? मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. एक वर्ष! आणि आपण जातो शेवटच्या आठवड्यात. मग सर्व्हर बंद पडला, फोटो नाकारला, आधारवरचं नाव जुळलं नाही, की तारीख उलटलीच.

यावर एक कमेंट हमखास येते, "पण नंतरही एक वर्ष असतं ना?" असतं. पण ते वर्ष अर्ज करायला आहे, गाडी चालवायला नाही. परत सांगतो, अर्ज करायला. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती, तीही या दुरुस्तीत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे वैध लायसन्स नाही. वैध लायसन्स नसताना चालवलं तर दंड ५००० रुपये. त्यात द्वारका चौकात कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख बघणार. आणि ते वर्षही उलटलं तर परत ड्रायव्हिंग टेस्ट.

एका ताईंनी विचारलंय, "अर्जाची पावती आहे, मग चालवू शकते ना?" ताई, मुदत संपली असेल तर नाही. पावती म्हणजे लायसन्स नव्हे.

माझ्या मामांचं सांगतो. दुसऱ्या जिल्ह्यातले, वय साठ. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आठ दिवस उरले तेव्हा लक्षात आलं. मी सोबत गेलो होतो. सकाळी साडेनऊला रांगेत लागलो, खिडकीपाशी पोचेपर्यंत दीड वाजला. मामांनी कॅरीबॅगेतून झेरॉक्स काढल्या, हाताच्या घामाने कडा ओल्या झाल्या होत्या. आतून उत्तर आलं, मेडिकलवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. बस. दुसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन, तिसऱ्या खेपेला काम झालं. तोवर तारीख उलटून गेली होती. नवीन लायसन्स हातात येईपर्यंत मामांनी मोटरसायकलला हात लावला नाही. रोज पहाटे दुधाची किटली हातात घेऊन डेअरीपर्यंत चालत गेले. मला त्या रांगेचा आजही राग येतो. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाचा असा एक दिवस गेला की त्या दिवसाची हजेरीच जाते. एका आकड्यासाठी माणसाला परत पाठवू नये, हे मी म्हणणारच. कोणते कागद कसे लागतात, याचा मोठा फलक खिडकीबाहेर लावायला काय हरकत आहे?

पण रांग कमी होईल तेव्हा होईल. हातात वर्षभर असतं, तर मामांच्या तिन्ही खेपा मुदतीच्या आत बसल्या असत्या.

आणि "एजंटला दे, सुटशील" म्हणणाऱ्यांनो, रिन्यूअलची फी २०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००. त्याच्यावर किती देताय, ते एकदा मोजा.

आता व्हिडिओ थांबवा आणि पाकिटातून कार्ड काढा. एनटी लिहिलंय ती तुमच्या खासगी गाडीची तारीख, टीआर म्हणजे व्यावसायिक वाहनाची. दोन्ही वेगळ्या असू शकतात, नीट वाचा. एक वर्षाच्या आत असेल तर आज रात्रीच अर्ज करा.

ज्यांचं जुनं पुस्तकी लायसन्स आहे आणि नंबर सारथीवर सापडतच नाही, त्यांनी लायसन्स कोणत्या साली काढलं ते खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच करतो.